दर माणशी, दर सिनेमा

७ जुलै १८९६च्या संध्याकाळी मुंबईत, काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या माणसाने भारतातला पहिला सिनेमा दाखवला. सहा छोट्या चित्रफिती आणि तिकीट एक रुपया. त्या काळचा रुपया म्हणजे चेष्टा नव्हती. त्यामुळे माझी पक्की खात्री आहे, की त्याच संध्याकाळी गिरगावातल्या एखाद्या ओसरीवर पगडी खुंटीला लावता लावता कुणीतरी म्हणालं असणार, ‘‘घाई काय आहे? चार आणे होऊ देत, मग बघू.’’ आणि गृहस्थ जिंकला! पुढच्याच आठवड्यात ते खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले आणि मग तिथे दर लागले ते चार आण्यांपासून. ‘‘ओटीटीवर आला की बघू’’ म्हणणारी आजची समस्त प्रजा ही या अज्ञात गृहस्थाची वंशावळ आहे. तिची एक शाखा ठाण्यात आमच्या घरी नांदते. तिच्याशी माझं लग्न झालेलं आहे.

दादासाहेब फाळक्यांनाही हीच मंडळी भेटली. मे १९१३मध्ये कॉरोनेशनला ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तो नंतर बाहेरगावी गेला. तिथले लोक दोन आण्यांत सहा तासांचं नाटक बघायला सोकावलेले. हा खेळ दीड तासाचा आणि वर तीन आणे! कोण येणार? तेव्हा फाळक्यांनी जाहिरातच बदलली असं सांगतात. सत्तावन्न हजार फोटो, लांबी दोन मैल आणि हे सगळं तीन आण्यांत. म्हणजे मैलाला दीड आणा. कलेबद्दल अवाक्षर नाही. गिऱ्हाइकाची नस इतकी अचूक ओळखणारा माणूस त्यानंतर या धंद्यात आला नाही, असं माझं मत आहे.

नवरा एका कारखान्याच्या कॉस्टिंग खात्यात आहे. एका बोल्टाला किती खर्च पडला ते पैशापर्यंत काढायचं, हे त्याचं दिवसभराचं काम. ही विद्या संध्याकाळी चपलांबरोबर दाराशी काढून ठेवता येत नाही. त्यामुळे आमच्या घरात ‘सिनेमा कसा होता?’ हा प्रश्न दुसरा येतो. पहिला येतो, ‘कितीला पडला?’ त्यासाठी त्याने एक एक्सेल शीट केलं आहे. उभे रकाने सिनेमा बघण्याच्या मार्गांचे, आडव्या ओळी खर्चाच्या आणि सगळ्यात खाली पिवळ्या रंगात उत्तर : दर माणशी, दर सिनेमा.

मल्टिप्लेक्सचा रकाना बघवत नाही. शनिवारची संध्याकाळ, घरची चार माणसं, तिकिटंच चौदाशेच्या घरात. तिकिटं घरबसल्या काढली म्हणून वर सोयीचे पैसे, म्हणजे खिडकीवरचा त्यांचा माणूस आपण वाचवायचा आणि त्याबद्दलचा दंडही आपणच भरायचा. मग पॉपकॉर्न. डिसेंबर २०२४मध्ये जीएसटी परिषदेने पॉपकॉर्नचा खुलासा केला तो दिवस नवऱ्याने सणासारखा साजरा केला. खारे, सुटे असतील तर पाच टक्के. तेच पाकिटात बंद करून लेबल लावलं तर तेव्हा बारा. कॅरॅमल चढवलं की ती साखरेची मिठाई, म्हणून अठरा. त्याने ती बातमी सगळ्यांना गोळा करून वाचून दाखवली. एवढ्या मन लावून त्याने लग्नात मंगलाष्टकं ऐकली नव्हती.

घरून डबा न्यावा, तर त्याचाही एक इतिहास आहे. २०१८च्या पावसाळी अधिवेशनात, नागपुरात, मंत्र्यांनी जाहीर केलं की बाहेरचे पदार्थ थिएटरात न्यायला बंदी नाही. सासूबाईंनी लगोलग थालिपिठाची भाजणी दळायला टाकली. महिनाभरात सरकारनेच उच्च न्यायालयात सांगितलं की बाहेरचं खाणं आत येऊ दिलं तर सुरक्षेचा प्रश्न उभा राहील. थालिपिठापासून सुरक्षेला कसला धोका, असं ज्यांना वाटत असेल त्यांनी आमच्या धाकट्या जाऊबाईंच्या हातचं खाल्लेलं नाही. शेवटी ३ जानेवारी २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने विषय मिटवला. थिएटर मालकाचं, तेव्हा नियम त्याचा. फक्त पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्या आणि तान्ह्या मुलाचं खाणं अडवू नका. सुनावणीत सरन्यायाधीशांनी जिलबीचं उदाहरण दिलं होतं. कुणी जिलबी आत आणली आणि पाकाची बोटं खुर्चीला पुसली, तर साफ कोण करणार? प्रश्न बिनतोड आहे. सासूबाईंनी तो इतका मनावर घेतला, की तेव्हापासून त्या थिएटरात बसण्याआधी खुर्चीच्या हातावरून बोट फिरवून ते नाकाशी नेतात.

वर्गणीच्या रकान्याकडे येताना मात्र नवऱ्याचा आवाज मऊ होतो. जानेवारी २०१६मध्ये नेटफ्लिक्स भारतात आलं तेव्हा त्यांची सगळ्यात स्वस्त योजना महिन्याला पाचशेची होती. नवरा थांबला. २०१९मध्ये नुसत्या मोबाइलवर बघायची १९९ची योजना निघाली. नवरा आणखी थांबला. डिसेंबर २०२१मध्ये ती १४९ झाली आणि टीव्हीवर चालणारी साधी योजना ४९९वरून थेट १९९वर आली. त्या रात्री त्याच्या चेहऱ्यावर जे तेज होतं ते नॉव्हेल्टीच्या दारात चवन्नी मोजणाऱ्या त्या पूर्वजाच्या चेहऱ्यावर असणार. पण थांबण्याच्या खेळात फासे दरवेळी अनुकूल पडतात असं नाही. त्याच डिसेंबरात प्राइमची वर्षाची वर्गणी ९९९वरून १४९९ झाली. पुढे जून २०२५पासून तिथे सिनेमाच्या मध्ये जाहिराती आल्या, नको असतील तर वर्षाला ६९९ वेगळे. म्हणजे जाहिरातींना कंटाळून केबल सोडायची, पैसे भरून इकडे यायचं, इथे जाहिराती बघायच्या आणि त्या न बघण्याचे पुन्हा पैसे भरायचे. नवऱ्याला यातला अन्याय दिसत नाही. त्याला नवीन ओळ दिसते.

‘‘चौदाशे नव्व्याण्णव भागिले तीनशे पासष्ट, चार रुपये अकरा पैसे!’’ तो म्हणतो. ‘‘दिवसाला! कटिंग तरी येतो का चार रुपयांत?’’

येत नाही, मान्य. पण गोम पुढेच आहे. दिवसाचा दर निघाला, सिनेमाचा दर कसा काढायचा? त्यासाठी वर्गणीला पाहिलेल्या सिनेमांनी भागायला हवं. वरचा आकडा कंपनीच्या हातात, खालचा आपल्या. खालचा वाढवत नेला की दर उतरतो. हे त्याच्या लक्षात आलं आणि घरात वसुली सुरू झाली. रोज रात्री जेवण झालं की एक सिनेमा. अडीच तासांचा असेल तर दीडपट वेगाने. दीडपट वेगात अगदी रडका सिनेमासुद्धा चांगला विनोदी होतो. नायिका आसवं गाळते ती तांदूळ निवडल्यासारखी भराभर. वाईट सिनेमाही तो मध्येच बंद करत नाही, कारण अर्धा सिनेमा शीटमध्ये कुठे धरायचा याचं उत्तर त्याच्याकडे नाही. थिएटरात माणूस पैसे दिलेत म्हणून बसून राहतो. घरी तो पैसे दिलेत म्हणून पुढचा लावतो. थिएटरवाल्याने निदान शेवटी दिवे लावून हाकलून देण्याचं सौजन्य दाखवलेलं असतं.

एवढं करून पुढचा कोणता, हे ठरवायला जो वेळ जातो तो शीटमध्ये धरलेला नाही. मी सुचवून पाहिलं, तर तो म्हणाला, मजुरी धरली तर कुठलाच धंदा परवडत नाही. आमच्याकडे निवड चालते ती अशी : एकजण रिमोट घेऊन चित्रांच्या रांगांवरून सरकत राहतो, बाकीचे ‘हा नको’, ‘हा पाहिलाय’, ‘हा अर्धा पाहिलाय’, ‘यात तो मरतो’ असं म्हणत राहतात. चित्रावर क्षणभर थांबलं तर ते आपण होऊन ओरडायला लागतं. मंडईत भाजीवालीशी नजरानजर होऊ नये म्हणून आपण मान खाली घालून झपाझप चालतो ना, तशी मग ती रांग ओलांडायची. शेवटी सगळ्यांना सारखाच नकोसा असलेला एक निघतो, तेवढ्यात लेकीला जांभई येते.

सासूबाईंना हा प्रकारच कळत नाही. त्यांचं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि काही दिवसांनी त्यांच्या मजल्यावर पहिला टीव्ही आला. शनिवारी संध्याकाळी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत मुलं पुढे, बायका भिंतीला, पुरुष उंबऱ्यात उभे, कारण आत येऊन बसलं तर आवडलाय असं दिसेल. मध्येच बातम्या लागायच्या, तेवढ्यात घरी जाऊन कुकर लावून यायचा. ‘‘कोणता सिनेमा आहे असं विचारत नव्हतो गं आम्ही,’’ सासूबाई सांगतात, ‘‘आज आहे ना, एवढंच विचारायचो.’’ दिल्लीच्या किंवा वरळीच्या कुणा साहेबाने निवडलेला सिनेमा अख्खी मुंबई एकाच वेळी बघत होती आणि सोमवारी नळावर त्याच्यावर चर्चा होत होती. आता आमच्या सोसायटीत चार घरांत चार वेगवेगळ्या मालिका वेगवेगळ्या भागांवर अडकलेल्या असतात. जिन्यात कुणी भेटलं की आधी दोघंही हात वर करतात, ‘‘सांगू नका हं पुढचं!’’ मग बोलायचं काय? पाणी कधी येणार, एवढंच उरतं.

वसुलीची हौस मात्र नवऱ्याने शोधून काढलेली नाही, हे न्यायाने सांगायला हवं. माझं माहेर कराडचं. तिथे गणपतीत मंडळ रस्त्यात आडवा पांढरा पडदा लावायचं. समोर जागा मिळाली नाही तर पडद्याच्या मागे बसायचं. सिनेमा तोच, फक्त नायक डावखुरा. एरवी व्हीसीआर. रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी, असं एका रात्रीचं भाडं आळीतली घरं वाटून घ्यायची. भाड्याने देणाऱ्या दुकानाचा पोऱ्या सगळा संसार हातगाडीवरून आणायचा. कॅसेट आत गेली की पाच मिनिटांत पडद्यावर मुंग्या! ‘‘हेड खराब झालंय,’’ पोऱ्या डॉक्टरच्या गांभीर्याने म्हणायचा आणि वरचं झाकण उघडून कोऱ्या नोटेने हेड पुसायचा. दहाची नोट चालत नाही, शंभराचीच लागते, तिचा कागद वेगळा, असं सांगून त्याने एकदा माझ्या काकांकडून शंभराची नोट घेतली. मुंग्या गेल्या. त्यांच्याबरोबर नोटही गेली, हे काकांच्या ध्यानात आलं ते दुसऱ्या सिनेमाच्या मध्यंतरात. तिसरा सिनेमा लागायचा तो पहाटे साडेतीनला. निम्मी आळी सतरंजीवर घोरत असायची, पण बंद करायचं नाव नाही, भाडं तिन्हींचं दिलंय! एक म्हातारे आजोबा कर्तव्य म्हणून जागे राहायचे. त्यांना दिसत कमी होतं.

आता डाउनलोडबद्दल. ही सोय कुणासाठी काढली असेल तर कोकण रेल्वेसाठी, असं नवऱ्याचं म्हणणं होतं. गणपतीला गावी जायचं, बोगद्यांमागून बोगदे, रेंजचा पत्ता नाही. म्हणून त्याने दोन रात्री जागून घरच्या वायफायवर सिनेमे उतरवून घेतले. कॉस्टिंगवाला माणूस, खातरजमा केल्याशिवाय माल गाडीत चढवणार नाही. म्हणून प्रत्येक सिनेमा दोन-दोन मिनिटं लावूनही बघितला. चालतोय, छान. संगमेश्वर गेलं, जेवणं झाली, उक्षी गेलं, गाडी कारबुड्याच्या बोगद्यात शिरली. साडेसहा किलोमीटरचा बोगदा! नवऱ्याने मोबाइल खिडकीच्या कडेला टेकवला, सगळ्यांना जवळ बसवलं आणि बटण दाबलं. मुदत संपली आहे, इंटरनेटला जोडा.

दुसरा लावला. मुदत संपली आहे.

झालं होतं असं, की डाउनलोड केलेला सिनेमा हा आपल्या मोबाइलमध्ये असला तरी आपला नसतो. तो सांकेतिक रूपात असतो, उलगडण्याचा परवाना कंपनी देते आणि त्या परवान्याला तारीख असते. बऱ्याच सिनेमांचं असं असतं, की उतरवून आठवडा नाहीतर महिनाभर ठेवा, पण एकदा बटण दाबलं की अठ्ठेचाळीस तासांत संपवा. नवऱ्याने चालतोय ना हे बघायला दोन मिनिटं लावले, त्या क्षणी सगळ्यांची घड्याळं सुरू झाली होती. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण चूक तिची नव्हती. ती अटी-शर्तींच्या कुठल्यातरी कलमात हे सांगून मोकळी झाली होती. बोगद्याच्या अंधारात, डोंगराच्या पोटात, दोन रात्री जागून भरलेला मोबाइल हातात धरून बसलेल्या माणसाला बायकोने काय म्हणावं? मी काही म्हटलं नाही. समोरच्या बाकावरच्या आजींनी मात्र विचारलं, ‘‘सिनेमा बघायचाय होय?’’ आणि त्यांनी तरुणपणी पाहिलेल्या एका सिनेमाची गोष्ट सांगायला घेतली. गाण्यांच्या जागी त्या ‘‘इथे गाणं आहे’’ असं सांगायच्या आणि तेवढा वेळ पान जुळवायच्या. राजापूर रोडला आम्ही उतरलो तेव्हा खलनायक अजून जिवंत होता. दर माणशी, दर सिनेमा : शून्य. शीटमध्ये मात्र ही नोंद नाही.

विकत घेतलेल्या डिजिटल सिनेमाचीही तीच कथा आहे. कॅलिफोर्नियात तर जानेवारी २०२५पासून कायदाच आला, की गिऱ्हाइकाला फक्त बघण्याचा परवाना मिळतोय हे त्याला स्पष्ट सांगितल्याशिवाय विक्रेत्याने ‘विकत घ्या’ असं बटण ठेवायचं नाही. त्यापेक्षा २००७च्या सुमाराची ती व्हीसीडी बरी होती. मोजर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली तेव्हा नवऱ्याने पिशवी भरून आणल्या होत्या. त्या अजून शोकेसमध्ये आहेत, दर दिवाळीला पुसल्या जातात. प्लेअर भंगारात गेला. तिकडे यंत्र आहे, सिनेमा नाही. इकडे सिनेमा आहे, यंत्र नाही.

मधल्या काळात आम्ही फुकटच्या रकान्यातही सुखाने राहत होतो. बंगळूरच्या दीरांची वर्गणी, बदलापूरच्या नणंदेचा पासवर्ड आणि ठाण्याचा टीव्ही, अशी एकत्र कुटुंबपद्धती होती. पासवर्ड देणं म्हणजे प्रेम, असं ट्विट खुद्द नेटफ्लिक्सने २०१७मध्ये केलं होतं. जुलै २०२३मध्ये त्याच नेटफ्लिक्सने भारतातल्या लोकांना कळवलं की एक खातं एका घरापुरतं. मग हे लोण इतरत्रही पसरलं. आमच्याकडे ज्या कंपनीचं आलं तिचं नाव घेऊन कशाला शब्द वाढवायचा? गावच्या सातबाऱ्यावर आमची अकरा नावं अजून एकत्र आहेत. आजोबांपासून कुणाला वाटणी करायला जमलं नाही, वकील थकले. ती वाटणी या कंपनीने एका ईमेलमध्ये केली. त्यानंतर काही दिवस टीव्हीवर कोड मागितला जायचा आणि तो जायचा दीरांच्या मोबाइलवर. तो पंधरा मिनिटांत भरायचा. दीर मीटिंगमध्ये. मग नवरा जाऊबाईंना फोन करणार, त्या म्हणणार, ‘‘थांबा हं भावोजी, हे विदेशातल्या लोकांशी बोलतायत,’’ मागून दीरांचं इंग्रजी ऐकू येणार आणि त्या इंग्रजीच्या मध्येच दबक्या आवाजात मराठी आकडे, ‘‘चार, सात, सात, एक.’’ त्या अमेरिकन गिऱ्हाइकाला तो कराराचा आकडा वाटला नाही म्हणजे मिळवली. नणंदेने तर याच निमित्ताने जुना हिशेब काढला : सासूबाईंच्या पाटल्या आणि पासवर्ड दोन्ही तुमच्याकडेच कसे? विषय तिथे बंद झाला. आम्ही स्वतःची वर्गणी भरली.

फुकटाचा आणखी एक मार्ग सोसायटीत एक गृहस्थ सुचवत असतात. शुक्रवारी लागलेला सिनेमा शनिवारी त्यांच्या टेलिग्रामवर असतो. मी एकदा त्यांच्या घरी पाच मिनिटं बघितला. अर्धा पडदा जुगाराच्या जाहिरातीने झाकलेला, आवाज विहिरीतून आल्यासारखा आणि ऐन प्रसंगात पुढच्या रांगेतला कुणीतरी उठून बाहेर जातो, त्याचं डोकं नायिकेच्या गळ्याशी. २०२३च्या दुरुस्तीनंतर सिनेमा असा चोरून टिपणाऱ्याला कमीत कमी तीन महिने कैद आणि तीन लाख दंड आहे. माझ्या मते तो बघणाऱ्याला वेगळी शिक्षा द्यायची गरज नाही.

नवऱ्याच्या आयुष्यातला सर्वात सुखाचा दिवस म्हणजे १ ऑगस्ट २०२५. आमिर खानने ‘सितारे जमीन पर’ कुठल्याही ओटीटीला न देता यूट्यूबवर आणला. शंभर रुपये भरा आणि बघा. घरात चार माणसं, म्हणजे डोई पंचवीस. नवऱ्याचं तेवढ्याने भागेना. त्याने शेजारच्यांना बोलावलं, वरच्या मजल्यावरच्या काका-काकूंना बोलावलं, त्यांच्याकडे आलेल्या पाहुण्यांना बोलावलं. शेवटी वॉचमनलाही हाक मारली तेव्हा दर सव्वाआठ रुपयांच्या आसपास आला होता. एवढी माणसं आली म्हणून मी बटाटेवडे तळले. ‘‘ते तेल कुठल्या रकान्यात?’’ मी विचारलं. ‘‘ते वेगळ्या शीर्षाखाली,’’ तो म्हणाला. पण एक कबूल करायला हवं. त्या दिवशी मोबाइल काढून कुणी बसलं नाही, कुणी मध्येच ‘बाकीचा उद्या’ म्हणालं नाही. शंभर रुपये मोजलेले, घरात परकी माणसं बसलेली आणि सुरू केलेला सिनेमा ठरल्या मुदतीत संपवायचा. उठणार कसं? वॉचमनकाका तर सगळी नावं संपून पडदा काळा होईपर्यंत बसले.

आणि आता एक खर्च, जो शीटमध्ये नाही. ३० जून २०२३ला केदार शिंद्यांचा ‘बाईपण भारी देवा’ आला, तेव्हा आमच्या सोसायटीतल्या आम्ही सगळ्या बायका गेलो होतो. नऊवाऱ्या, पैठण्या, वर काळे गॉगल. महाराष्ट्रभर त्या दिवसांत थिएटरांची ही अशीच दशा होती. दारावरच्या पोराने पिशव्या तपासायला घेतल्या, तर त्याच्यापुढे इतक्या पर्स आल्या की त्याने हात जोडले. कुठल्या पर्समधून काय आत गेलं ते मी इथे लिहिणार नाही, सर्वोच्च न्यायालयाचा मला आदर आहे. सिनेमात रडायच्या जागी सगळ्या एकदम रडलो, हसायच्या जागी मागच्या रांगेने शिट्टी घातली. ती कुणाची होती ते कळल्यावर तिच्या सुनेने तोंड लपवलं. नंतर हॉटेलात जेवलो. पावसात रिक्षा मिळेना म्हणून निम्म्या वाटेपर्यंत साड्या सावरत चालत आलो. दर माणशी आकडा असा आहे की तो वाचून नवऱ्याला काहीतरी होईल. म्हणून त्याला अजून सांगितलेला नाही.

यंदा वर्गणी संपत आली तेव्हा त्याने एक नवी योजना मांडली. सगळ्या एकदम ठेवायच्या नाहीत, एका महिन्याला एकच, आळीपाळीने. गॅसच्या कॅलेंडरवर त्याने कंपन्यांची नावं लिहिली. त्याप्रमाणे एक वर्गणी रद्द करायला घेतली. रद्द करण्याचं बटण सापडायला अर्धी संध्याकाळ गेली. मग कंपनीने कारण विचारलं. पर्यायांत ‘महाग आहे’, ‘आवडीचं काही नाही’ वगैरे होतं. ‘आता दुसऱ्याची पाळी’ नव्हतं. त्याने ‘इतर’ निवडून सविस्तर मराठीत लिहिलं. लिहून पाठवतो तोच पडद्यावर आलं : जाऊ नका, दोन महिने फुकट घ्या.

फुकट! त्याने ताबडतोब घेतले. वरच्या आकड्याच्या जागी शून्य लिहिताना त्याचा हात थरथरत होता. आता दर काढायची भानगड नाही, कितीही बघा, शून्यच. पण खर्चच नाही म्हटल्यावर वसुली कशाची करायची? दीडपट वेग थांबला. रात्री जेवण झालं की मंडळी गप्पा मारायची, पत्ते खेळायची, सासूबाई दहाला झोपायच्या. एकोणसाठ दिवस गेले आणि त्याने शीट उघडलं, तर पिवळ्या चौकोनात उत्तराच्या जागी एरर. शून्याने भाग जात नाही, असं एक्सेल म्हणत होतं.

‘‘एक तरी बघून टाका रे कुणीतरी,’’ तो रात्री साडेदहाला दारोदार, म्हणजे खोलीखोलीत फिरत म्हणाला. लेकीची परीक्षा होती. मला सकाळचा डबा होता. शेवटी त्यानेच सगळ्यात कमी लांबीचा एक सिनेमा शोधला, आईची झोपमोड नको म्हणून आवाज बंद केला आणि दुसऱ्या दिवशीच्या शर्टाला इस्त्री करत पाठमोरा उभा राहून तो पाहिला.